दर रविवारी दोन आटे

१४ जुलै, सोमवार

लिहून ठेवणार सदानंद, वय वर्षे त्रेपन्न, धंदा दस्त लिहिणे, राहणार कर्जत, कारणे लिहून ठेवतो ऐसाजे, सदर इसमाच्या डाव्या बुटात आज सलग चौथ्या दिवशी पाणी शिरले. उजवा बूट कोरडा. दोन्ही बूट एकाच दुकानातले, एकाच खोक्यातले, एकाच खड्ड्यांतून नेलेले. दोष रेनकोटच्या पँटीचा. तिची डावी शिवण चौक गावापर्यंत इमान राखते आणि खालापूर दिसलं की फितूर होते. दुकानदाराकडे दाद मागितली तर म्हणाला, "साहेब, यंदा पाऊस तिरका आहे." म्हणजे पँट नव्हे, पाऊस बघून घ्यायला हवा होता.

खालापूरच्या रजिस्ट्रार ऑफिससमोरच्या माझ्या टेबलाखाली मोजा पिळत होतो, तेवढ्यात मुंबईचं एक जोडपं आलं. धबधब्यासमोरचा प्लॉट घेतायत. धबधबा दिवाळीपर्यंत टिकत नाही हे दस्तात कुठे येतं, त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

येताना दत्ताच्या भातगिरणीवरून आलो. गिरणी बंदच. नवं भात दिवाळीच्या सुमाराला येणार, तोवर आत उंदीर आणि आमच्या दोन मोठ्या मोटारसायकली, त्याची नि माझी. आमच्यातला तिसरा, इक्बाल, आपली रविवारी आणतो. दत्ता दिसला नाही. कुंदावहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "झोपल्यात," म्हणाल्या. संध्याकाळी सहाला. दुपारी आडवं होणाऱ्याला 'कुठं दुखतंय रं' म्हणून विचारणारा दत्ता.

मे महिन्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू. पाय परत आला, तोंड परत आलं. (तोंड नसतं आलं तरी गावानं सोसलं असतं, असं मी दवाखान्यात म्हणालो होतो. हसला होता तेव्हा.) हात आला नाही. डावा हात म्हणजे क्लच.

२० जुलै, रविवार

सकाळपासून रस्त्यावर मुंबईचे बायकर. गुडघ्यांना ढाली, कोपरांना ढाली, हेल्मेटवर कॅमेरा. ज्या रस्त्यानं इथल्या बाया डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन लावणीला जातात त्याला हे 'ऑफ-रोड' म्हणतात. एकानं मला थांबवलं. "अंकल, ट्रेल कुठून सुरू होतो?" म्हटलं, तुम्ही उभे आहात ते आमच्या ग्रामपंचायतीचं डांबर आहे, मागच्याच वर्षी उद्घाटन झालंय.

त्यांचा सीझन तो आमचा ऑफ-सीझन. मोठ्या गाड्या पावसाळाभर गिरणीत, खाली भाताचं तूस पसरून, वर गोणपाट टाकून. कामाला आपला शंभर सीसीचा खटारा. आमचा सीझन उगवतो दसऱ्यानंतर. पाऊस हटलेला असतो आणि कापणी अजून लागलेली नसते. त्या मधल्या आठवड्यात दत्ता शेतातूनही मोकळा, गिरणीतूनही. तेवढंच वर्ष आमचं. बाकीचे महिने त्या आठवड्याबद्दल बोलण्यात जातात.

आणि रविवारी इंजिनं सुरू करून ऐकण्यात. तीही दत्तानं घातलेली पद्धत: आपली गाडी आपण ऐकायची नाही. "आपल्या गाडीचा आवाज आपल्याला ग्वाडच लागतो. दुसऱ्यानं ऐकायचा नि खरं काय ते सांगायचं." म्हणून दत्ता माझी ऐकतो, मी इक्बालची, इक्बाल दत्ताची. गेली कित्येक वर्षं. इक्बालचं स्टेशनाजवळ गॅरेज आहे, त्याची गाडी मी काय ऐकणार. पण तोही मान खाली घालून ऐकून घेतो. पद्धत म्हणजे पद्धत.

आज दत्ता खुर्चीवर बसून राहिला. माझी गाडी सुरू केली. त्यानं ऐकली की नाही कळलं नाही. म्हणाला, "बरी हाय." इतक्या वर्षांत माझी गाडी बरी असल्याचं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. घरी आलो तरी कानात तेच.

२७ जुलै, रविवार

पुढच्या गाडीचा विषय इक्बालनं मुद्दाम काढला. मी म्हटलं, मला हलकी हवी, कंबर बोलते. इक्बाल म्हणतो, जुनी घ्या, नव्या गाडीत कॉम्प्युटर असतो, तो मेला की गाडी मेली. दत्ता नेहमी सगळ्यांत जड गाडी सांगणारा. साडेसहाशे सीसीची. 'गाडीनं मानसाला न्यायला पायजे, मानसानं गाडीला नाय.' आज गप्प.

मग म्हणाला, "तुमी बघा तुमचं. माझी इकून टाक, इक्या."

इक्बाल काजळी पुसायच्या फडक्यानं हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते.

वहिनी फाटकापर्यंत आल्या. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिलाय, दिवसातून चार वेळा दाबायला. "लावनीच्या बायांच्या पोरास्नी देऊन टाकला. म्हनं, मी काय खेलायला बसलोय?" जेवण निम्म्यावर आलंय. दाढी तिसऱ्या-चौथ्या दिवशी. "भावजी, कायतरी करा. बोलून बगा. तुमचं तोंड तर लई चालतं."

वाटेत इक्बालला सुचलं. चेंडू नको तर क्लच दाबू दे. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, नुसती मूठ. चेंडूला लाज आहे, क्लचला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

बसवला. उजवा पाय टाकताना मी धरायला गेलो तर "सर तिकडं, म्हस हाय का मी?" म्हणाला. जुना आवाज. बरं वाटलं.

चार बोटं उजव्या हातानं उचलून क्लचवर ठेवली. दाबला. काही नाही. कपाळावर शीर आली, लिव्हर जागची हलली नाही. दोन वेळा. तिसऱ्या वेळी त्यानं हात काढला नाही, तसाच ठेवला आणि आरशात बघत बसला. आरशात गिरणीचं दार होतं.

विचारलं, कळतं का हाताला काही? म्हणाला, "लाकूड. डोल्यानं बगतो तवा कलतं हात कुठं हाय त्यो."

सौ. ला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हा तिघांना सांत्वन पण गाडीवर बसूनच करता येतं का?

१० ऑगस्ट, रविवार

आज लिव्हर हलली.

बोटभर आली असेल. दत्ता तिच्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. परत दाबली, परत आली. वहिनींना हाक मारली. त्या ओल्या हातानं धावत आल्या, त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा. दत्ता म्हणाला, "आता च्या कर."

निघताना इक्बाल मागे रेंगाळला. मी रेनकोट विसरलो म्हणून परत फिरलो, तर हा हँडलवर वाकलेला, हातात दहाचा पाना. क्लचच्या केबलचा नट.

"क्या करता यार. दोन आटे ढिले केले सकाळी येऊन. अजून दोन करतो, पुढच्या रविवारी जरा जास्त येईल. हात येईल तोवर मन तरी येऊ दे."

मी रेनकोट घेतला. केबल सैल झाली की लिव्हर पोकळ येते, लहान मूलही दाबील. धडधाकट हाताला पहिल्या बोटाला कळलं असतं. दत्ताच्या हाताला कळत नाही. डोळ्यांना लिव्हर येताना दिसते तेवढं खरं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला दत्ता आला, दाढी करून. पारावर दोघांना सांगत होता, हात येतोय. उजव्या हातानं डावा उचलून दाखवत होता.

१७ ऑगस्ट, रविवार

निम्म्यापर्यंत आली. दत्तानं मागवून बशीभर शेव खाल्ली. चेंडू परत आणवलाय, लावणीच्या बायांच्या पोरांकडून, लिमलेटच्या गोळ्या देऊन. वहिनी सांगताना हसत होत्या.

आणि प्लॅन. मेपासून पहिल्यांदा त्यानं प्लॅन काढला. दरवर्षी आपण घाट चढून हिरव्यातून हिरव्यात जातो, म्हणाला, यंदा माण तालुका. दहिवडी, म्हसवड. "जितं पाऊस पडत नाय त्यो मुलूख बगायचाय मला. जल्मभर चिखलात उभा हाय मी. कोरडी माती कशी दिसती, बगू तरी."

इक्बाल म्हणाला, तिथले लोक पावसासाठी रडतात. दत्ता: "मंग थोडा घिऊन जाऊ. टाकीत."

इतकं हसलो तिघे. हसतानाच इक्बालनं माझ्याकडे बघितलं आणि मी तूस चाळवायला लागलो पायानं.

डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने धीर धरा, काहींचा येतो. काहींचा. मे ते नोव्हेंबर. आम्ही नुसतं नोव्हेंबर अलीकडे ओढलंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. असे दस्त मी रोज लिहितो. मोजणी नंतर, ताबा आधी.

२४ ऑगस्ट, रविवार

इक्बाल गणपतीच्या गर्दीत अडकला, गॅरेजला रांग. सकाळी फोन. "सदा, तू कर ना. डावीकडे फिरव. दोनच."

केले. गिरणीची किल्ली कुठे असते मला ठाऊक आहे. पाना दोनदा घसरला, बोट सोललं. दुपारी दत्तानं विचारलं, बोटाला काय झालं रं? म्हटलं, स्टेपलर. दस्तलेखकाला शोभेल असं खोटं.

मूठ जवळजवळ हँडलला लागली आज.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

दत्ताकडे आरतीला. दरवर्षी घंटा त्याची. डाव्या हातात घेतली, ऐटीत. 'सुखकर्ता' म्हणायच्या आधी हातातून सुटली, पाटावर आपटली, लवंडली. पोरं हसली. दत्ता हाताकडे बघत राहिला. मग उजव्या हातानं उचलली आणि वाजवली.

नंतर प्रसाद खाताना म्हणाला, "क्लच येतोय नि घंटा का नाय येत रं?"

मी म्हटलं, सवय रे. क्लच तीस वर्षं दाबलास. घंटा वर्षातून पाच दिवस.

पटलं त्याला. माझं बोलणं लोकांना पटतं, हा माझा धंदाच.

७ सप्टेंबर, रविवार

इक्बालला म्हटलं, पुरे. तो म्हणाला, आता परत आवळायचा कसा? आवळला की हात गेला असं होईल त्याला. बरोबर. सैल करताना दर रविवारी दोन-दोन आटे करता येतात, आवळायला तशी वाट नाही.

इकडे दत्ता नव्या गाडीचं बोलतोय. साडेसहाशेची. खालापूरच्या अलीकडे हायवेला नवी शोरूम झालीय. दसऱ्याला घरात आणायची तर आत्ता नाव लावलं पाहिजे. वहिनी दारात उभ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, पितृपक्ष लागतोय, आत्ता कोण गाडी बघतं. दत्ता: "म्हनूनच. गर्दी नसल. आनि बगायला काय पाप? घिऊन तर दसऱ्यालाच यायचीय."

सौ. चं मत: पुढची गाडी घ्यायच्या आधी पुढचे दात बसवा. हे मला होतं. तरी दत्तालाही लागू पडलं असतं, कुणी वेळेवर बोललं असतं तर.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

इक्बालच्या टेंपोतून शोरूमला आले दोघे, मी टेबल बंद करून तिथे गेलो. शोरूम रिकामी. विक्रीची मुलगी नम्र, तिनं आम्हा तिघांना काका केलं. दत्ता पांढरा सदरा घालून आलेला, इस्त्रीचा. थेट साडेसहाशेकडे गेला. बसला. न धरता बसला.

"काका, क्लच बघा ना. या मॉडेलचा एकदम सॉफ्ट आहे."

दत्तानं बोटं उचलून ठेवली. दाबला.

नाही.

परत. मला त्याच्या मानेची शीर दिसत होती. इक्बाल बाजूच्या गाडीच्या टायरपाशी खाली बसला, काहीतरी बघतोय असं करून.

दत्ता हसून मुलीला म्हणाला, "जाम हाय गं ह्यो तुमचा."

"नाही काका." ती पुढे आली आणि दोन बोटांनी लिव्हर दाबली. ती सरळ आली. बारीक बोटं, नखांना लाल रंग. दत्ता त्या बोटांकडे बघत होता. मग इक्बालकडे. मग माझ्याकडे, बराच वेळ.

उतरला. मुलीला म्हणाला, "चांगली हाय गाडी. येतो."

बाहेर शेजारीच एका बाईंची चहाची टपरी, निळ्या ताडपत्रीखाली. दत्ता बाकावर बसला म्हणून आम्हीही बसलो. तीन सांगितले. चहा आला, पुढ्यात ठेवला.

"किती आटे?" दत्ता म्हणाला.

इक्बाल: "होते तेवढे सगळे."

"दोघांनी?"

मी मान हलवली.

"आपल्यात खोटं ऐकवायची पद्धत कवापासनं पडली रं?"

मी तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं: तू जेवायला लागलास, दाढी करायला लागलास, माण तालुका काढलास. एकही वाक्य उभं राहीना. दत्ता उठला, टेंपोत जाऊन बसला, काच वर केली. त्या टेंपोची काच वर करायला जोर लागतो. उजव्या हातानं केली. आम्ही मागोमाग. चहा तसाच राहिला. पैसे द्यायचंही कुणाला सुचलं नाही.

चौकपर्यंत ते दोघे टेंपोत, मी मागे मागे खटाऱ्यावर. पाऊस नव्हता. डावा बूट कोरडा होता. त्याचा राग आला.

१४ सप्टेंबर, रविवार

गिरणीला कुलूप. किल्ली नेहमीच्या जागी नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

इक्बाल टेबलावर येऊन बसला, बराच वेळ. गिऱ्हाईक आलं तरी उठला नाही. "मी त्याच्या भल्यासाठी..." एवढंच दोनदा म्हणाला. आमच्या समोर रोज भावाभावांची हक्कसोडपत्रं होतात, तेव्हाही कुणीतरी हेच वाक्य म्हणत असतो. त्याला ते सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. सकाळी वहिनीच आल्या, पान घेऊन. वडे, खीर. सौ. नं आत बोलावलं, त्या ओसरीवरच टेकल्या.

"भितीकडं तोंड करून पडल्यात. चेंडू नाय, काय नाय."

मी म्हटलं, वहिनी, आमचं चुकलं.

"मला म्हाईत व्हतं."

काय?

"पहिल्याच रविवारी. इक्बालभावजी पाना घिऊन आलं तवा मी गोठ्यात शेन काढत व्हते. म्हनलं, बोलू का. मंग दुपारी दोन भाकऱ्या खाल्ल्या ह्यांनी. नाय बोलले." पदरानं तोंड पुसलं. "उद्या मला इचारलं तर मी काय सांगू त्यास्नी? तुमी दोघं सुटलाव, भावजी. मला त्याच घरात ऱ्हायचंय."

सौ. माझ्याकडे बघून आत गेली. तिनं काही टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी दत्ताचा फोन. दोन शब्द. "पाना आन."

इक्बालला घेऊन येऊ का? "नगं. एकटा ये. नि नीट ये, रडत नगं."

गिरणीत घटाच्या दिवसांचा उकाडा. गाडीवरचं गोणपाट काढून ठेवलेलं. दत्ता बाजूच्या पोत्यावर.

"आवळ. पहिल्यासारखा."

मी आवळत गेलो. मला त्यातलं काय कळतं. दत्ता बघून सांगत होता, अजून, अजून, आता अर्धा, बास. त्याच्या क्लचला किती ढील लागते ते त्याला माझ्या हाताच्या हालचालीवरून कळत होतं. लिव्हर मी दाबून बघितली. माझ्या धड हातालाही जड लागली. इतकी वर्षं हा माणूस एवढा जड क्लच दाबत होता.

मग तो बसला. बोटं ठेवली. मी बाहेर जाऊ का विचारलं. "थांब. ऐकायला कोनतरी पायजे."

दाबला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा करंगळीशेजारचं बोट आत वळलं, आणि लिव्हर... हलली म्हणावं का? तांदळाचा दाणा मावेल एवढी. हलली. नट मी आवळलेला होता, मला माहीत आहे.

"काय?" दत्ता म्हणाला. तो तिकडे बघत नव्हता. डोळे मिटलेले.

खरं सांगायचं होतं. म्हटलं, "तांदूळभर."

"कोलम का जिरा?"

"जिरा." दोन्हींतला बारीक दाणा.

उजव्या हातानं बोटं क्लचवरून उचलली. मग म्हणाला, "एवढाच हाय तर मंग." वाईट वाटलेला आवाज नव्हता, बरा वाटलेलाही नव्हता. गिरणीत पोतं काट्यावर ठेवून वजन सांगतो तसा.

"कुंदीला म्हाईत व्हतं?"

मी पाना पुसायला लागलो.

"म्हंजी व्हतं." उतरला. "तिला सांगू नगंस मी इचारल्यालं."

माणचं काय, मी विचारलं. तीन तारखेला निघायचं ठरलं होतं.

"तुमी जा की."

तू मागे बस माझ्या. हे बोलायला मला सगळा रस्ता लागला होता, कर्जतहून त्याच्या गावापर्यंत.

"मागं?" दत्ता आयुष्यात कुणाच्या मागे बसलेला नाही. सासऱ्याच्याही नाही. "मागं बसनाऱ्याला रस्ता दिसत नाय, सद्या. मानगूट दिसती. तुजी मानगूट बगत म्हसवडपातूर जाऊ?"

चांगली आहे माझी मानगूट.

"आंगोळ कर मंग आधी."

हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही. गोणपाट टाकताना एका टोकाला त्यानं डावा हात लावला, नुसता टेकवला.

२८ सप्टेंबर, रविवार

किल्ली जागेवर. इक्बाल आला, दारात उभा राहिला, चपला काढून. गिरणीत कुणी चपला काढत नाही. दत्ता म्हणाला, "आत ये, दर्गा हाय का ह्यो." दत्तानं माझी गाडी ऐकली: "चेन वाजती. टॅपेट बी. कशी चालवतूस रं, गाढवावानी." मी इक्बालची ऐकली. दत्ताच्या गाडीपाशी इक्बाल वाकला, कान लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाला, बॅटरी मेलीय, रे. बदलायला लागेल.

"मंग बदल," दत्ता म्हणाला.

नव्या गाडीचा विषय कुणी काढला नाही. शोरूमच्या मुलीचे इक्बालला तीन फोन येऊन गेलेत.

हात? दत्ता रोज बसतो, वहिनी म्हणाल्या. दार लावून. किती येतो ते सांगत नाहीत.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळी गिरणीत गाड्या धुतल्या. उद्या पूजा, परवा निघायचं. तिन्ही गाड्यांना झेंडू वहिनीच ओवतायत. तिसरी गाडी कुठे जाणार नाही हे त्यांना माहीत आहे, ओवतायत. माझ्या गाडीची मागची सीट रिकामी ठेवून मी सामान टाकीवर बांधायचा सराव करून बघितला. दत्ता पोत्यावर बसून बघत होता. "तसं बांधलंस तर घाटात पोटात घुसंल," एवढंच म्हणाला.

दुपारी खालापूरला दोन दस्त. परतताना तोच हायवे, तीच टपरी. अडीच आठवडे रोज तिथून मान वळवून जात होतो. आज थांबलो. टपरीतल्या बाई भजी तळत होत्या. म्हटलं, बारा तारखेला आम्ही तिघे, तीन चहा, पैसे राहिलेत.

त्यांना आठवलं. "पन पिल्यात कुठं तुमी? ओतून दिला मी. न पिल्याला च्याचं कसलं पैसं?"

केला होता ना तुम्ही, म्हटलं.

"त्या दादांना बरं नव्हतं का? पांढऱ्या सदऱ्यातल्या?"

हात दुखतो त्यांचा.

"बरा व्हईल," म्हणाल्या. माहीत नसताना, जशी माणसं म्हणतात. आणि विचारलं नसताना माझ्यापुढे एक चहा ठेवला. तो प्यायलो, उभ्यानंच.

तेवढ्यात फोन. वहिनी. "परवा किती वाजता निगताव?"

सहाला. कोण विचारतंय?

मागून कुणीतरी खाकरलं. "मीच इचारते." ठेवला.

बाईंना पन्नासची नोट दिली. चार चहांचे चाळीस. त्या दहा परत द्यायला डब्यात शोधू लागल्या. राहू द्या म्हणणार होतो. पण म्हटलं नाही. थांबलो, दहा घेतले, खिशात टाकले.